दुपारी बिघडणारं झाकण आणि इतर प्रश्न

प्रश्न : प्लास्टिकच्या बादलीच्या तळाला बरोबर मध्यभागी टिकलीएवढा खडबडीत ठिपका असतो. तो कसला? (सात रस्ता)

ती बादलीची बेंबी म्हणा. इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर प्लास्टिकचा दाणा हॉपरमधून, म्हणजे वरच्या नरसाळ्यातून, बॅरलच्या नळीत उतरतो, तिथं हीटर आणि फिरता स्क्रू मिळून त्याचा रस करतात. मग तोच स्क्रू पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढे सरकतो आणि रस मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, दाबतो. रस शिरतो ते गेट. ठिपका ही तिथं तोडल्याची खूण.

प्रश्न : पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) झाकणाला रात्रपाळीत काही नाही, दुपारी मात्र रिबच्या (आतून आधार देणाऱ्या उभ्या पट्टीच्या) पाठीमागे खड्डे पडतात. ऑपरेटर रोज प्रेशर वाढवतो. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

प्रेशरचं राहू द्या, आधी पाण्याच्या पाइपला हात लावा. मोल्डला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट जोडलं असेल, तर सोलापुरात मे महिन्यातल्या दुपारी ते आंघोळीला काढल्यासारखं असतं. पीपी निवताना साधारण दीड-दोन टक्के आकसतं. रिबपाशी जाडी जास्त, तिथला गाभा सगळ्यात शेवटी गोठतो आणि अजून मऊ असलेली वरची कातडी आत ओढतो. तोच सिंक मार्क.

तूर्त होल्डिंग टाइम, म्हणजे साचा भरल्यावर दाब धरून ठेवायचा वेळ, थोडा थोडा वाढवत प्रत्येक वेळी पीस काट्यावर ठेवा. वजन वाढायचं थांबलं म्हणजे गेट गोठलं. त्यापुढचं होल्डिंग फुकट. कायमचा इलाज कूलिंग टॉवर, म्हणजे थोडं पाणी वाफ होऊ देऊन उरलेलं थंड करणारा मनोरा. आपला कोरडा उन्हाळा एरवी जीव घेतो, इथं मात्र बाष्पीभवनाला मदत करतो. बोअरचं पाणी जड असेल तर मोल्डच्या वाहिन्यांत क्षार साचलेत का तेही बघा.

प्रश्न : एकाच पीसला एका बाजूला फ्लॅश (कडेबाहेर आलेला पातळ पापुद्रा), दुसऱ्या कोपऱ्यात शॉर्ट (न भरलेला भाग). प्रेशर वाढवलं की पहिलं वाढतं, कमी केलं की दुसरं. (चिंचोली एमआयडीसी)

मग सेटिंगशी झुंजू नका, मोल्ड उतरवा. साच्याचे दोन अर्धे मिटतात ती पार्टिंग लाइन झिजलीय का किंवा तिथं प्लास्टिकचा कण अडकलाय का, ते निळी शाई लावून कळेल. शॉर्टचा कोपरा काळपट जळलेला दिसतो का? तर हवा कोंडतेय. व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायच्या बारीक फटी, साफ करा.

प्रश्न : नायलॉनच्या पीसवर चंदेरी रेघा. (होटगी रोड)

ओल. दाणा 80 अंशांना किमान 4 तास सुकवा, पोतं उघडं राहिलं असेल तर जास्त. मी एकदा पावसाळ्यात दोन दिवस नोझलचं (बॅरलच्या टोकाच्या तोटीचं) तापमान खालीवर करत बसलो होतो. पोत्याचं तोंड आदल्या रात्री मीच उघडं टाकलं होतं.