मनातून क्षमा केली, फक्त बोलत नाही

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. पहिल्यात मी फारच गोड बोललो होतो, दुसऱ्यात तुझ्यावर नुसता ओरडलो होतो. या तिसऱ्यात दोन्ही थोडं थोडं असेल, चालवून घे.

तुझ्या मैत्रिणीने केलं ते वाईटच केलं. विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिने प्रार्थनासभेत ‘आपल्या एका बहिणीसाठी विनंती’ म्हणून सगळ्यांपुढे मांडली. नाव घेतलं नाही म्हणे! खाणाखुणा सगळ्या सांगितल्यावर नावाची गरज उरते कुठे? चहाडीला प्रार्थनेचा अंगरखा घातला की ती कुणाला अडवता येत नाही, आणि मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, हे आपण सगळेच कधी ना कधी करतो. तेव्हा ‘एवढं काय त्यात, सोडून दे’ असं मी म्हणणार नाही. दुखलं, आणि दुखायलाच हवं होतं.

पण तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे. ‘मी तिला मनातून क्षमा केली आहे, फक्त तिच्याशी बोलत नाही.’

बाळ, हे वाक्य माझं आहे. मी ते नऊ वर्षं वापरलं. अगदी झिजेपर्यंत वापरलं, म्हणून ते दिसताक्षणी ओळखलं. त्या वाक्यातला ‘फक्त’ हा शब्द खोटा आहे. मनातली क्षमा आणि तोंडावरचा अबोला एका घरात नांदत नाहीत. त्यातलं एक भाडेकरू असतं आणि दुसरं मालक, आणि मालक कोण ते तुलाही ठाऊक आहे.

तू जा. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढे बरंच लिहिणार आहे, पण ते सगळं याच दोन शब्दांभोवती फिरेल.

तू मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, अठरावा अध्याय मला दाखवलास. तिथे प्रभू म्हणतो, भावाने तुझा अपराध केला तर तू त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना त्याला दाखव. बरोबर. पण त्याआधीचा पाचवाही अध्याय वाच. तिथे उलटं आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. आता दोन्ही शेजारी ठेव. तिने तुझा अपराध केला असेल, तरी जायचं तू. तिच्या मनात तुझ्याबद्दल अढी असेल, तरीही जायचं तूच. प्रभूने पळवाट ठेवलेलीच नाही. ‘चूक तिची, तर पाऊल तिचं’ हा आपल्या मानापमानाचा कायदा आहे, शुभवर्तमानात तो मला अजून सापडलेला नाही. मी शोधला होता, अगदी मन लावून.

आणि हे बोलणं झालं गालीलात. वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात, म्हणजे पायी जायला तीनेक दिवस. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल, बघ. अर्पण घेऊन इतकं चालत यायचं, ते वेदीपाशी सोडायचं, घरी परतून भावाशी बोलायचं आणि पुन्हा यरुशलेमेला यायचं. आठवडा गेला! तुझी मैत्रीण दोन गल्ल्यांपलीकडे राहते.

प्रभूची प्रार्थना आपण लहानपणापासून म्हणतो. आमची ऋणे सोड, जसे आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. तिथला ‘सोड’ मूळ ग्रीकमध्ये ज्या क्रियापदाचा आहे, तेच क्रियापद शिष्यांनी जाळी सोडून येशूमागे जाण्याच्या प्रसंगी येतं आणि वेदीपाशी अर्पण ठेवून जाण्याच्या वाक्यातही येतं. सोडणं म्हणजे तिथे हात उघडणं आहे. जाळी ‘मनातून’ सोडली आणि हातात धरून ठेवली, असं होत नाही.

आता अठराव्या अध्यायातलाच त्या निर्दयी चाकराचा दाखला, प्रभूने सांगितलेली गोष्ट. उपदेशात आपण काय ऐकतो? राजाने डोंगराएवढं कर्ज माफ केलं आणि या कोत्या मनाच्या माणसाने सोबत्याची शंभर दीनारांची चिल्लर माफ केली नाही. पण चिल्लर नव्हती ती! एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळाचे कष्ट. कुणी तुझी तीन महिन्यांची कमाई बुडवली तर लागेल की नाही? प्रभूने मुद्दामच खरी, टोचणारी रक्कम घेतली आहे. तुझं दुखणं शंभर दीनारांचं आहे, मी ते कमी करणार नाही. पण दुसऱ्या बाजूला राजाने माफ केलेले दहा हजार तालांत आहेत. एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार धरले तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. ती ज्याला माफ झाली तो माणूस राजवाड्याच्या बाहेर पडतो आणि पहिल्याच वळणावर दुसऱ्याचा गळा धरतो. तो वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. तो हिशेबी माणूस होता. मी ओळखतो त्याला.

मंडळीच्या रविवारच्या शाळेचा हिशेब मी ठेवत असे. एका वार्षिक सभेत माझा सर्वांत जवळचा मित्र उभा राहिला आणि म्हणाला की हिशेब नीट लागत नाही, खुलासा व्हावा. सगळ्यांसमोर. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं एकत्र होतो, तेव्हा एक शब्द नाही. खुलासा झाला. एक पावती दोनदा लिहिली गेली होती, बस्स. पैसा न् पैसा जागेवर होता. हे मी तुला का सांगतोय? कारण हिशेब बरोबर होता. एवढं लिहू दे मला.

नऊ वर्षं आम्ही एका छताखाली उपासना केली, त्याच्यामागे तीन बाकं सोडून मी. एकाच भाकरीतून प्रभूभोजन घेतलं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून घेतात ते. कुणी विचारलं की मी म्हणायचो, माझ्या मनात काही नाही.

त्या नऊ वर्षांतच एकदा उपदेश ऐकून पेटलो आणि त्याच्या घरी गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. त्याने दार उघडलं आणि मी उंबऱ्यातूनच म्हणालो, ‘मी तुला क्षमा केली आहे.’ तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘कशाबद्दल?’

नाटक नव्हतं ते. त्याला खरंच कळलं नाही. सभेतला प्रश्न तो केव्हाच विसरला होता. मी तिथूनच परत फिरलो आणि त्याला कठोर अंतःकरणाचा ठरवलं. बघ, आता क्षमा हासुद्धा माझ्या हातातला दगड झाला होता. न मागितलेली क्षमा समोरच्याच्या तोंडावर फेकणं म्हणजे त्याला आरोपपत्र वाचून दाखवणं आहे. देवापुढे तिचं ऋण सोड, अवश्य सोड, पण तिच्या दारात त्याची पावती फाडू नकोस.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी पाचवा अध्याय घेऊन. विचारलं, ‘माझ्याबद्दल तुझ्या मनात काही आहे का?’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘माझी आई गेली तेव्हा तू दफनभूमीत आला होतास. सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. तू मूठभर माती टाकलीस आणि निघून गेलास.’

ही गोष्ट मला आठवतसुद्धा नव्हती. नऊ वर्षं मी माझी पावती कुरवाळत बसलो होतो, आणि तो हे घेऊन जगत होता. म्हणून म्हणतो, तू जा. तिच्याकडे तुझ्या नावावर काय लिहिलेलं आहे ते गेल्याशिवाय कळत नाही. कदाचित काहीच नसेल. पण जा.

तू विचारतेस, क्षमा केली तर आठवण का येते, विसरायला होत नाही म्हणजे मी क्षमा केलीच नाही का? ‘क्षमा करा आणि विसरा’ ही म्हण आहे, वचन नाही. पवित्र शास्त्रातल्या योसेफाकडे बघ. सतराव्या वर्षी भावांनी वीस रुप्यांना विकला. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी झाल्यावर त्याने थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं म्हणून. विसरण्याचंच नाव ठेवलं पोराला! आणि भाऊ समोर आल्यावर हाच माणूस बाजूला जाऊन रडतो. पुढे त्याने त्यांना जवळ केलं, पोसलं, आणि सतरा वर्षांनी बाप मेला तेव्हा भावांना वाटलं, आता हा सूड घेणार. तेव्हा तो पुन्हा रडला. आठवण येईल, बाळ. येईल त्या दिवशी पुन्हा सोड. शिष्य पेत्राने सात वेळांचा हिशेब मांडला तेव्हा प्रभूने त्याला साताच्या सत्तरपट सांगितलं. मला तर वाटतं, त्यातल्या बऱ्याच वेळा एकाच अपराधासाठी लागत असाव्यात. हे माझं मत आहे, चर्चच्या पाळकांना विचारू नकोस.

पूर्वीसारखी मैत्री होईल का? ते मला सांगता येत नाही. पुन्हा लगेच गुपितं सांगायला लाग, असं मी म्हणत नाही. योसेफानेही धान्याच्या गोणीत प्याला लपवून भावांना पारखलंच. दावीदाने आपल्यावर भाला फेकणाऱ्या शौल राजाला हाती सापडल्यावर सोडलं, शौल ‘माझ्या पुत्रा, परत ये’ म्हणालाही, पण दावीद आपल्या वाटेने गेला. भाला फेकणाऱ्याच्या ताटाला पुन्हा बसायला देव सांगत नाही. जिथे मारहाण आहे, छळ आहे, तिथे एकटीने जायचंच नाही, ते प्रकरण वेगळं आहे. पण तुझ्या मैत्रिणीच्या हातात भाला नाही. तिला तोंड आवरत नाही, एवढंच. उगाच दावीद होऊ नकोस.

पौल आणि बर्णबा, मधेच सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके कडाडून भांडले की वेगळे झाले. प्रेषितांची ही तऱ्हा! पुढे तोच पौल तुरुंगातून आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत कोण कुणाकडे गेलं, काय बोलणं झालं, पवित्र शास्त्र सांगत नाही. पण कुणीतरी गेलं असणार. अशी गोष्ट बसल्या जागी होत नाही.

तू म्हणतेस, आधी एक मोठा मेसेज लिहून पाठवते. नको. मेसेज पाठवणं म्हणजे जाणं नव्हे. तो ती चार जणींना दाखवेल, तू तिच्या उत्तराची वाट बघत रात्रभर फोन उलटापालटा करशील, आणि दोघी आणखी दुखावून घ्याल. पाळकांनाही अजून मधे घालू नकोस. साक्षीदार नंतर, आधी दोघंच, हा क्रम प्रभूने घातलेला आहे. आणि कृपा करून प्रार्थनासभेत विनंती म्हणून मांडू नकोस!

माझं आणि माझ्या मित्राचं आता बरं आहे. पूर्वीसारखं नाही. तो त्याच्या बाकावर, मी माझ्या. प्रभूभोजनाआधी तो मागे वळून बघतो, मी मान हलवतो. नऊ वर्षं गेली ती गेलीच, त्यात त्याच्या आईच्या मागचे दिवसही गेले, जेव्हा मी त्याच्याजवळ असायला हवं होतं. ती हिशेबाची वही मात्र अजून कपाटात आहे. परवा तुला लिहिता लिहिता उठलो आणि काढून बघितली. पावती खरंच दोनदा लिहिली गेली होती. मग स्वतःचीच लाज वाटली आणि पत्र फाडलं. ते दुसरं पत्र.

रविवारी तुमच्याकडे प्रभूभोजन आहे असं लिहिलं आहेस. म्हणजे शनिवार हाताशी आहे. संध्याकाळी जा, ती घरी असते तेव्हा. काय बोलायचं ते पाठ करून जाऊ नकोस, मी पाठ करून गेलो होतो. दुखलं ते सांग, तिला काय दुखलं ते विचार आणि ती बोलेल तेव्हा मधे तोंड घालू नकोस. ती चिडली तर उठून ये. घरी नसली तर सोमवारी पुन्हा जा.

मग मला लिही.

तुझा,
काका