विदर्भात ऊन नवीन नाही, मग तापमान एक-दोन अंशांनी वाढल्यानं शेतकऱ्याचं काय बिघडतं?

प्रश्न रास्त आहे. मे महिन्यातले 45 अंश आमच्या अंगवळणी पडलेत. पण तेव्हा वावर रिकामं असतं. वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बाग तेवढी सोडा. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची फळं तेव्हा झाडावर असतात आणि उन्हानं गळतात. बाकी पिकांना मारतो तो इतर महिन्यांतला उकाडा.

फेब्रुवारीच्या रात्री थंड राहिल्या नाहीत की गहू दाणा भरण्याआधीच पिकतो, दाणा बारीक पडतो. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण होता. मेमध्ये सरकारनं गव्हाची निर्यातही थांबवली, म्हणजे एकरी उतारा घटला आणि चढा भावही गेला.

पण खरा घोळ पावसाचा. हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पडला तर धो-धो, नाहीतर लांबच लांब खंड. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा गेला, आणि ऑगस्टातच सोयाबीन फुला-शेंगांवर असतं. भारी काळी जमीन काही दिवस तग धरते. मुरमाड वावरात झाड उभं दिसतं, शेंगा मात्र पोचट.

आता पैशाचं. सगळे उतारा विचारतात, माझ्या मते ओलावा विचारावा. सोयाबीनच्या सोंगणीच्या (कापणीच्या) वेळी पाऊस आला की ताडपत्रीखाली गंजी तापते, दाणा काळवंडतो. हमीभाव केंद्राची अट 12 टक्के ओलाव्याची (2024 मध्ये 15 पर्यंत सूट दिली होती). यंत्रावर 18 दिसले की माल परत. वाळवायला जागा नाही, मजुरांना दिवाळीआधी चुकारा हवा, मग व्यापारी म्हणेल त्या भावात द्यायचं. पोती तेवढीच, पैसा कमी.

पुढे बँक. राज्यात 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज लागत नाही. थकलं की ती सवलत जाते, नवीन कर्ज अडतं आणि जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर उचलावं लागतं. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढाच! त्यात पेरून पाऊस दडला तर दुबार पेरणी, म्हणजे एकरी साधारण 30 किलो सोयाबीन बियाणं पुन्हा.

रुंद वरंबा-सरीवर (रुंद उंचवट्यावर पीक, बाजूला चर) पेरलं तर जादा पाणी निघून जातं, खंडात ओलही टिकते. ज्यांना जमेल त्यांनी करावं. सोयाबीनमध्ये तुरीची तासं (ओळी) आमच्याकडे पूर्वीपासून आहेत. सोयाबीन गेलं तर तूर थोडंफार सावरते, पण तिचा पैसा जानेवारीनंतर येतो आणि उधारीवाला दिवाळीतच दारात उभा असतो.