विंडोज ७ मध्ये 'बेस फिल्टरिंग इंजिन' (बीएफई, फायरवॉल जिच्यावर चालते ती सर्व्हिस) यादीतच दिसत नाही, फायरवॉल चालू होत नाही. ती परत कशी आणायची?

आधी मालवेअर साफ करा. या सर्व्हिसची रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) नोंद बरेचदा झीरोॲक्सेससारखा रूटकिट (लपून राहणारा मालवेअर) उडवतो. एसएफसी स्कॅन (विंडोजचं स्वतःचं फाइल-तपासणी साधन) इथे पुरत नाही. ते सिस्टिम फाइली दुरुस्त करतं, रजिस्ट्रीतली उडालेली नोंद ('की') नाही.

दुसऱ्या धडधाकट विंडोज ७ वर रेजएडिट (रजिस्ट्री एडिटर) उघडून एचकेएलएम\सिस्टिम\करंटकंट्रोलसेट\सर्व्हिसेस\बीएफई एक्स्पोर्ट करा (३२ बिटला ३२, ६४ ला ६४), ती फाइल आपल्या मशीनवर मर्ज करून रीस्टार्ट करा.

तरी 'एरर ५: ॲक्सेस डिनाइड' आला? एक्स्पोर्टबरोबर परवानग्या येत नाहीत, म्हणून. आपल्या मशीनच्या रेजएडिटमध्ये बीएफई\पॅरामीटर्स\पॉलिसीवर राइट-क्लिक, परमिशन्स, ॲड. लोकेशनला स्वतःचाच कॉम्प्युटर निवडून 'एनटी सर्व्हिस\बीएफई' (इंग्रजीत NT Service\BFE) टाका, फुल कंट्रोल द्या. 'एव्हरीवन'ला मात्र कृपा करून देऊ नका. मग पुन्हा रीस्टार्ट.