फासावरचं वाक्य कोणाचं?

प्रश्न : मुलाकडे मेलबर्नला गेलो होतो. तिथल्या जुन्या तुरुंगात नेड केलीला फाशी दिली ती जागा पाहिली. 'सच इज लाइफ' म्हणत तो फासावर गेला, असं मुलगा म्हणतो. बरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, ही पेपरवाल्यांची करामत. खरं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : माझं मत गृहस्थांच्या बाजूने, पण पूर्ण नाही. नांगराच्या फाळांचं चिलखत घालून ग्लेनरोवनला पोलिसांवर चालून गेलेल्या या दरोडेखोराला ११ नोव्हेंबर १८८० रोजी सकाळी दहाला फाशी झाली. वय २५. मेलबर्नच्या 'आर्गस' या पेपराच्या बातमीत 'सच इज लाइफ' आहे, पण ते वेळ दहाची ठरलीय हे कळल्यावरचं, तख्तावरचं नव्हे. दोर गळ्यात पडताना तो 'बरं, शेवटी इथवर आलं म्हणायचं' अशा अर्थाचं काहीतरी बोलला, असं दुसऱ्या बातमीदारांनी लिहिलं. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला तर नुसतं पुटपुटणं ऐकू आलं.

माझी हयात कोर्टाच्या बातम्या करण्यात गेली. आरोपी व्हरांड्यात बोलतो ते छापून येईपर्यंत हटकून पिंजऱ्यात जाऊन उभं राहतं. इथेही तसंच झालं असावं. 'इथवर आलं म्हणायचं' हे मला खरं वाटतं, कारण इतकं ओबडधोबड वाक्य मुद्दाम कोण रचेल? (आई एलन त्याच तुरुंगात कैदेत होती, 'केलीसारखा मर' असं ती म्हणाली म्हणतात. त्याचीही हमी मी घेणार नाही.)

शिवाय हा गडी दोन शब्दांत आटपणारा नव्हेच. फेब्रुवारी १८७९मध्ये जेरिल्डेरी गावची बँक लुटली, तेव्हा छापून आणायचं म्हणून त्याने ५६ पानांचं पत्र बरोबर नेलं होतं. सांगणारा केली, लिहून घेणारा साथीदार जो बर्न. त्यात पोलिसांना जाड मानेचे, वोम्बॅटच्या (तिकडचा एक बुटका, जाडा प्राणी) डोक्याचे, ढेरपोटे, मॅगपाय पक्ष्याच्या तंगड्यांचे अशा शिव्यांची जी सरबत्ती आहे, ती वाचताना दम लागतो. शेवट असा : मी विधवेचा मुलगा, कायद्याबाहेर टाकलेला, माझे हुकूम पाळलेच पाहिजेत.

त्याच्या तोंडचं वाक्य हवं तर हे घ्या. तो जिवंत असेतो कोणत्याही पेपराने ते पत्र पूर्ण छापलं नाही. मूळ प्रत आज व्हिक्टोरियाच्या स्टेट लायब्ररीत आहे, तुरुंगापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर.