'हार्वर्ड कॉलेज'ला महाविद्यालय म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : हार्वर्डच्या सुरुवातीच्या काळाबद्दल मराठीत लिहायचं तर 'महाविद्यालय' लिहावं की 'विद्यापीठ'? आणि तिथल्या 'प्रेसिडेंट'ला प्राचार्य म्हणावं की कुलगुरू?

मी 'कॉलेज'च ठेवीन. 'महाविद्यालय' वाचलं की आपल्या मनात विद्यापीठाला संलग्न संस्था येते : शिकायचं कॉलेजात, पदवी विद्यापीठाची. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हापासूनची ही घडी. हार्वर्डच्या डोक्यावर विद्यापीठ नव्हतंच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीने १६३६मध्ये 'शाळा किंवा कॉलेज' काढायला ४०० पौंड मंजूर केले. ठरावातला तो 'किंवा' मला फार बोलका वाटतो. जॉन हार्वर्ड हा तरुण पाद्री १६३८मध्ये वारला तो निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं संस्थेच्या नावे करून. पुढच्या वर्षी तिला त्याचं नाव मिळालं. १६४२मध्ये पहिल्या नऊ जणांना पदव्या मिळाल्या, त्या कॉलेजनेच दिल्या. सनद मिळायला १६५० उजाडलं.

'कॉलेज' हा शब्द आला इंग्लंडातल्या केंब्रिजहून. जॉन हार्वर्ड तिथल्या इमॅन्युएल कॉलेजचा विद्यार्थी. तिथे कॉलेज म्हणजे गुरू-शिष्यांनी एकत्र राहण्या-जेवण्याची जागा. पदवी द्यायची ती विद्यापीठाने. अमेरिकेत दोन्ही कामं एकाच संस्थेकडे आली. राहण्या-जेवण्याला किती महत्त्व होतं, ते हार्वर्डचा पहिला मास्टर, म्हणजे प्रमुख, नॅथॅनिएल ईटन याच्या प्रकरणात दिसतं. त्याने आपल्या मदतनिसाला अक्रोडाच्या सोट्याने बडवलं, म्हणून १६३९मध्ये त्याला कोर्टापुढे उभं केलं. पण त्याच चौकशीत मुलांच्या ताटाचाही हिशेब झाला. स्वयंपाकघर बघणाऱ्या त्याच्या बायकोला आंबून खराब झालेल्या पिठाचा पाव वाढल्याची कबुली द्यावी लागली. ईटनची हकालपट्टी झाली. 'महाविद्यालया'त हे ताट मावत नाही.

ईटननंतर १६४०मध्ये हेन्री डन्स्टर आला, तो 'प्रेसिडेंट' म्हणून. त्याला सरळ 'अध्यक्ष' म्हणा. १६५०च्या सनदेने सात जणांचं मंडळ नेमलं : अध्यक्ष, पाच फेलो (म्हणजे मंडळाचे सभासद) आणि एक खजिनदार. 'प्राचार्य' म्हटलं तर हे मंडळ दिसत नाही, आणि 'कुलगुरू' म्हटलं की नसलेलं विद्यापीठ उभं राहतं. 'फेलो' मात्र तसाच राहू द्या. जुन्या मुंबई इलाख्यातल्या कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' असत, त्यांच्यामुळे तो आपल्या ओळखीचा आहे.

१७८०च्या मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेत या संस्थेला 'विद्यापीठ' म्हटलं आहे. त्यामुळे त्याआधीच्या काळाबद्दल 'हार्वर्ड कॉलेज' आणि नंतरच्या काळाबद्दल 'हार्वर्ड विद्यापीठ' लिहिलं तर गोंधळ होणार नाही. फक्त विद्यापीठातल्या पदवीपूर्व शिक्षणाच्या विभागाला आजही 'हार्वर्ड कॉलेज'च म्हणतात, तेवढं ध्यानात असू द्या.