वाचक विचारतात : टाचेचा स्पर, दातांचा स्पर आणि डोंगराचा

प्रश्न : टाच दुखते म्हणून एक्स-रे काढला, त्यात ‘कॅल्केनियल स्पर’ निघाला. वाढलेलं हाड ऑपरेशन करून काढावं लागेल का?

बहुतेकांना लागत नाही. टाचेच्या हाडाला तळाशी चोचीसारखं टोक आलेलं दिसतं, तो स्पर. एक्स-रे पाहून धसका बसतो, पण टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही तो असतो आणि दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेत नसतो. दुखतो तो बहुधा प्लांटर फॅशिया, म्हणजे टाचेपासून बोटांकडे तळव्यातून जाणारा जाड पट्टा. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना कळ, चाललं की जरा कमी, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा कळ, ही त्याची खूण. म्हणून उपचार हाडावर नाही, पट्ट्यावर करायचा.

सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा आणि दुसऱ्या हाताने तळवा चाचपा. पट्टा ताणलेला लागला पाहिजे. दहा सेकंद धरून सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सकाळची पाळी चुकवू नका. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं आणि पट्टा आखडतो, त्यामुळे खरा फायदा तेव्हाच होतो. जोडीला पोटरीचा ताण : हात भिंतीला, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट, 30 सेकंद, तीन वेळा. घरातसुद्धा अनवाणी चालू नका. टाचेखाली मऊ आणि कमानीला आधार देणारी चप्पल घाला.

आराम पडायला महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडणं, ही नेहमीची चूक. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने लवकर बरं वाटतं, पण ती वारंवार घेतली तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. रात्री झोपेतही दुखत असेल, बधिरपणा किंवा सूज असेल, तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळ आली तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

प्रश्न : मशीनचा 20 दातांचा स्पर गिअर झिजला. दात मोजून, व्यास जुळवून नवा आणला. बसला नीट, पण कर्कश आवाज करतो.

प्रेशर अँगल, म्हणजे दाताच्या बाजूचा कल ठरवणारा कोन, तपासा. जुन्या मशीनमध्ये तो अनेकदा 14.5 अंश असतो, आज बाजारात सहसा 20 अंशांचा मिळतो. दात आणि व्यास तेच असले तरी दातांचा आकार वेगळा असतो, त्यामुळे दात एकमेकांवर सरकताना घासतात, आवाज येतो आणि दोन्ही गिअर लवकर झिजतात. जुना गिअर नव्यावर ठेवून बाजूने पाहा : 20 अंशांचा दात बुडाशी जास्त रुंद असतो. तुलना न झिजलेल्या कडेशीच करा.

मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, तेही पडताळून घ्या. दातांच्या टोकांवरून मिळणाऱ्या बाहेरच्या व्यासाला (मिमी) दातांची संख्या अधिक 2 ने भागायचं : तुमच्या 20 दातांच्या गिअरचा व्यास 44 भरला तर 44 भागिले 22, म्हणजे मॉड्यूल 2. दातांची संख्या विषम असेल तर कॅलिपर व्यास थोडा कमी दाखवतो, हे लक्षात ठेवा. समोरचा गिअर 60 दातांचा असेल तर दोन शाफ्टच्या केंद्रांतलं अंतर मॉड्यूल गुणिले दातांच्या बेरजेच्या निम्मं, म्हणजे 80 मिमी. त्याहून कमी भरलं तर दातांमधली मोकळीक जाते आणि गिअर तापतात.

सगळं जुळल्यावरही जास्त वेगात थोडी गुणगुण राहील. स्पर गिअरचे दात शाफ्टला समांतर असतात, म्हणून अख्खा दात एकदम भिडतो.

प्रश्न : कंटूर नकाशावर डोंगराची सोंड (स्पर) आणि घळ यांत गल्लत होते.

आधी कंटूरवरची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेवरची, उंची वाचा. रेषांची टोकं उताराकडे वळलेली असतील तर सोंड, चढाकडे वळलेली असतील तर घळ. चढताना सोंडा माथ्याकडे एकत्र येतात, त्यामुळे चुकायला फारसा वाव नसतो. उतरताना मात्र एका सोंडेला फाटे फुटतात आणि धुक्यात माणूस भलत्याच फाट्याला लागतो. म्हणून निघण्याआधीच प्रत्येक फाट्याची होकायंत्रावरची दिशा लिहून ठेवा आणि फाट्यावर थांबून ती पडताळून मगच पुढे उतरा.