मुलगी दुसरीत असताना म्युनिकला येताय, तर आधी शाळेचं बघा

तुम्ही विचारलंय की म्युनिकला पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) मिळाली आहे, बायको आणि दुसरीतली मुलगी बरोबर येणार आहेत, सिंहगड रोडचा फ्लॅट ठेवावा की विकावा, आणि ‘तिथे आपलेपणा वाटतो का’. व्हिसा, इन्शुरन्स, घरभाडं हे सगळं सरकारी साइटवर मिळेल. फ्लॅट विकू नका. राहिला आपलेपणा. त्या प्रश्नानेच मला रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी मुलीच्या शाळेचं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीपर्यंत सगळी मुलं एकत्र शिकतात, मग वाटा फुटतात: गिम्नाझिउम, मधली रेआलशुले आणि कामधंद्याकडे नेणारी मिटेलशुले. विद्यापीठाची सरळ वाट गिम्नाझिउममधून जाते. चौथीत मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रगतिपुस्तक हातात पडतं. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींची सरासरी. इथे 1 म्हणजे उत्तम, 6 म्हणजे नापास. 2.33 पर्यंत गिम्नाझिउम, 2.66 पर्यंत रेआलशुले.

आम्ही आलो तेव्हा माझा मुलगाही दुसरीतच होता. चौथीत त्याला गणितात 1, परिसरमध्ये 3 आणि जर्मनमध्ये 4 मिळाले. वर्गशिक्षिकेने कागद टेबलावरून आमच्याकडे सरकवला, 2.66 खाली निळ्या पेनाने रेघ ओढली आणि म्हणाली, “रेआलशुलेत अगदी बरोबर बसतंय.” चांगल्या मनाने म्हणाली. पुढे मुलगा सहावीत गेल्यावर एका तुर्की आईकडून कळलं की ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांना 3.33 पर्यंतही गिम्नाझिउम मिळू शकतं. मार्क जर्मनमुळेच कमी पडलेले असावेत आणि ती उणीव भरून निघण्यासारखी असावी, एवढीच अट. नियम छापील आहे. आमच्यासमोर तो कुणी काढलाच नाही.

मुलगा मजेत आहे. रेआलशुलेनंतर फाखओबरशुले (अकरावीपासूनची व्यावसायिक वळणाची शाळा) करून पुढे जाता येतं, हे तोच मला समजावतो. त्याला त्याचं काही नाही. माझ्या मनातून मात्र ते जात नाही.

मी बोपोडीची. महापालिकेच्या शाळेत, मराठी माध्यमात शिकले. अकरावीला डेक्कनच्या बाजूच्या एका नावाजलेल्या कॉलेजात आले, तर पहिल्या आठवड्यातच प्रॅक्टिकलच्या टेबलांवर वाटणी होऊन गेली होती. इंग्रजी माध्यमवाले पुढे, सेमीवाले मधे, आम्ही मागे सिंककडे. कुणी बसवलं नव्हतं. टायट्रेशनचं रीडिंग माझं अचूक यायचं, पण व्हायव्हाला इंग्रजी वाक्य तोंडातून फुटायचं नाही आणि मार्क तिथेच जायचे. माझ्या लेकराला भाषेपायी कुणी बाजूला बसवणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

आता तुमचा आपलेपणा. इथल्या लॅबमध्ये ‘पुण्यात कुठे?’ असं मला कुणीही विचारलं नाही. बोपोडी काय आणि प्रभात रोड काय, त्यांना दोन्ही सारखेच. ती मोकळीक मला पुण्यात कधीच मिळाली नव्हती. हे मी आईलाही सांगितलेलं नाही, तिला लागेल. ‘पुण्यात कुठे?’ हा प्रश्न इथे गणपतीच्या कार्यक्रमात भेटतो. बोपोडी म्हटलं की “अच्छा, खडकीच्या पुढे,” मग आडनाव, मग विषय हवेवर जातो. तरी मी जाते, कारण एवढं मराठी एका वेळी मुलाच्या कानावर दुसरीकडे कुठे पडणार? 14 एप्रिलला आम्ही मोजकी घरं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमतो, तिथे आडनाव कुणी विचारत नाही. माझं आपलं माणूस म्हणाल तर ते तिथे आहे.

विद्यापीठात आपलेपणाची आशा बेताचीच धरा. पीएचडीनंतर मुदतीच्या करारावर इथे साधारण सहा वर्षं राहता येतं, मुलामागे दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, आणि मग कायमची जागा नाही तर बाहेर. 2021 मध्ये ‘मी हॅना’ म्हणत हजारो संशोधक यावर बोलले. हॅना हे शिक्षण मंत्रालयाच्या एका व्हिडिओतलं काल्पनिक पात्र. एकाच पिढीने जागा अडवून बसू नये म्हणून अशा मुदती हव्यात, असा त्या व्हिडिओचा सूर होता. मी त्या अडवणाऱ्यांत मोडते हे वाचून काय वाटलं ते शब्दांत येत नाही.

कागदपत्रांबद्दल एकच. माझ्या डिग्रीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे, 2014 मध्ये त्याचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. एका खिडकीवरच्या बाईंनी दोन विद्यापीठं आणि दोन बायका धरल्या आणि माझी फाइल कित्येक महिने पडून राहिली. तुमच्या बायकोचं असं असेल तर लग्नाचा दाखला आणि नाव बदलल्याचं गॅझेट पुण्यातच भाषांतरासकट तयार ठेवा. आणि तिला निघायच्या आधी बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात जर्मन बी-वन पातळीपर्यंत तरी शिकू द्या. तुम्हाला लॅब असेल, तिला पहिल्या दिवसापासून दुकान, डॉक्टर आणि शाळा असेल.

एकटेपणा येतो. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो. कुणाला तरी जेवायला बोलवायचं.

मुलगी तिसरीत गेली की लगेच वर्गशिक्षिकेला लेखी विचारा: 3.33 ची सवलत हिला लागू आहे का, आणि जर्मनची उणीव भरून काढायला शाळा काय करणार? उत्तरही लेखी मागा. तसं पत्र मी इथल्या दोन-तीन आयांना लिहून दिलंय. मुलीचं नाव आणि शाळा कळवा, तुमचंही करून देते.